…कर : आजोळच्या एका कागदाचं प्रकरण

गेल्या चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी महिनाभर आमच्या आजोळी एका कागदावरून जे घडलं, ते इथे सविस्तर मांडते आहे. मी गोव्यात इतिहासात एम.ए. करते, शेवटचं वर्ष आहे. गावाचं नाव आणि मामाकडचं आडनाव देत नाही, कारण आडनाव हाच या प्रकरणातला अडकलेला काटा आहे. गाव पेडणे तालुक्यातलं आहे, एवढं पुरे.

पेडणं सांगणं मात्र गरजेचं आहे. तिसवाडी, बार्देश, सासष्टी हे भाग पोर्तुगिजांकडे सोळाव्या शतकातच गेले. पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून त्यांच्या हाती गेला तो १७८८ मध्ये. म्हणजे बार्देशात म्हापशाला आमच्या घरी आणि शापोरा नदीपलीकडे आजोळी, मध्ये तासाभराचाही रस्ता नाही, पण दोन्हीकडच्या इतिहासात जवळजवळ अडीच शतकांचं अंतर. आमच्या बाजूला गावकीचे, म्हणजे गावाच्या सामाईक कारभाराचे, कागद म्हटलं की पोर्तुगीज आलंच. पलीकडे जुन्या घरांत अजून मोडी या जुन्या मराठी लिपीतल्या कागदांचे रुमालात बांधलेले गठ्ठे निघतात. माझा शोधनिबंध याच विषयावर आहे : महाल एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे गेला तेव्हा गावकीच्या कारभारात काय बदललं आणि काय तसंच चालू राहिलं.

माझे दिवस असे जातात. आठवड्यातले चार दिवस ताळगावच्या पठारावर विद्यापीठात, एक-दोन दिवस पणजीला पुराभिलेखागारात, उरलेल्या वेळात पाटोला कृष्णदास शामा ग्रंथालयात. सकाळी म्हापशाहून कदंब बस पकडायची, पर्वरीपर्यंत उभं राहायचं, मांडवीच्या पुलावर बसायला जागा मिळाली तर नशीब. पिशवीत दोन पेन्सिली, खोडरबर, भिंग, चपातीभाजी. दप्तरखान्यात शाईचं पेन चालत नाही, म्हणून माझ्या सगळ्या वह्या पेन्सिलीच्या आहेत आणि पावसाळ्यात दमट हवेने त्या पुसट होत जातात. गोव्याचं हे दप्तर १५९५ पासून सांभाळलं गेलं, दियोगु दो कौतु त्याचा पहिला रखवालदार. पुढे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिथे आयुष्य घातलं आणि पोर्तुगीज व मराठी कागद समोरासमोर ठेवून वाचायची सवय आम्हाला लावली. आम्ही त्यांचं नाव घेतो ते उगाच नाही. एकाच गोष्टीबद्दल दोन भाषांत लिहिलेलं वाचल्याशिवाय इथल्या कुठल्याही गावाबद्दल बोलू नये, हे मी त्यांच्यामुळे शिकले.

जुलैच्या शेवटी मामाचा फोन आला. गावच्या देवस्थान समितीने शिगम्यातल्या (गोव्यातल्या होळीच्या सणातल्या) मानांची यादी लिहून काढायचं ठरवलं होतं. आजवर सगळं तोंडी चालायचं, पण ज्यांच्या तोंडी होतं ती माणसं एकेक करून चालली आहेत. पहिला नारळ कोणाचा, यावर दोन घराणी अडून बसली होती. एक मामाचं, दुसरं वरच्या वाड्यावरचं. मामाचं म्हणणं, आपल्याकडे या मानाच्या जुन्या निवाड्याचा कागद आहे. तीसेक वर्षांपूर्वी मोडी जाणणारे एक गृहस्थ घरी आले होते. त्यांनी तो वाचून शके १५९३ ही मिती सांगितली, म्हणजे इसवी सन १६७१, शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या तीन वर्षं आधीची. तेव्हापासून घरात त्याला ‘महाराजांच्या वेळचा कागद’ म्हणतात. चवथीच्या आधी बैठक होती. मी तो नीट वाचून, देवनागरीत उतरवून द्यावा, आणि मग मामा तो लॅमिनेट करून बैठकीत नेणार, असं ठरलं होतं.

शनिवारी गेले. आजीने देवघराच्या माळ्यावरून पत्र्याचा डबा काढून दिला. आत डांबरगोळ्यांचा वास, लाल रुमाल, आणि रुमालात सात कागद. सहा किरकोळ, वसुलीच्या पावत्या वगैरे. सातवा तो. तीन घड्या घातलेला, घड्यांवर कधीतरी चिकटपट्टी लावलेली. पट्टी पिवळी पडून कडक झाली होती आणि तिच्याखालची शाई तिलाच चिकटून वर आली होती. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नये हे घराघरांत जाऊन सांगावं असं मला फार वाटतं. कसर लागली तर भोक पडतं, पण भोवतालचं अक्षर उरतं. पट्टी अक्षरच उपटून नेते.

“वाच गो बाय, कितें बरयलां तें,” आजी म्हणाली. घरात आम्ही कोंकणीच बोलतो, पुढचं बोलणं मराठीत देते.

मोडी वाचताना पहिली अडचण अक्षरांची नसते, शब्द तोडायची असते. लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढतो आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं टांगत जातो. शब्द कुठे संपला हे आपण अर्थावरून ठरवायचं. ऱ्हस्व-दीर्घ नाही, विरामचिन्हं नाहीत. त्यामुळे ज्याला जे वाचायचं असतं ते मोडीत फार सहज सापडतं. हे मला वर्गात सांगितलं होतं, पण आजोळच्या ओसरीवर बसून, मामा पाठीमागे उभा असताना, ते खरं कळलं.

मिती आधी पाहिली. शकाचा आकडा चार अंकी, पहिला एक, शेवटचे नऊ आणि तीन स्पष्ट. दुसरा अंक नेमका घडीवर. वरचं टोक आहे, खालचा भाग पट्टीबरोबर गेलेला. पाच म्हणा, सहा म्हणा. त्या गृहस्थांनी पाच म्हटलं होतं. त्यांना दोष देत नाही, वरच्या टोकावरून माझंही मन पाचाकडेच गेलं. पण शकापुढे संवत्सराचं नाव होतं, ‘खर’, आणि ते धडधाकट होतं. साठ संवत्सरं ठरल्या क्रमाने फिरतात. शकात बारा मिळवून साठाने भागायचं, बाकी उरेल तितकवं संवत्सर. १५९३ ला बाकी पंचेचाळीस उरते, म्हणजे विरोधकृत. १६९३ ला पंचवीस, म्हणजे खर.

एका पुराव्यावर थांबू नये म्हणून खालची ओळ पाहिली. तिथे सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली आणखी एक कालगणना, होता, नेहमीसारखा अरबी अंकशब्दांत. अक्षरं सलग अशी : इसन्नेसबैनमयावअलफ. इसन्ने म्हणजे दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. बेरीज अकराशे बाहत्तर. सुहूर सन मृगाला सुरू होतो, मृगापुढच्या महिन्यांसाठी त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो : १७७१. कागद भाद्रपदातला आहे, तेव्हा शके १६९३ शी तो चोख जुळतो. शके १५९३ असता तर सुहूर सन एक हजार बाहत्तर आला असता, ‘इसन्ने सबैन व अलफ’. फरक एका शब्दाचा, ‘मया’. आधी वाचणाऱ्याने तो बहुधा न कळलेली भर म्हणून सोडून दिला असावा. दोन अक्षरांत शंभर वर्षं.

मी हे मामाला सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “बरं, शंभर वर्षांनी नवा. तरी अडीचशे वर्षांचा झालाच की.” खरं सांगायचं तर त्याने हे फार मोठ्या मनाने घेतलं. महाराजांच्या वेळचा कागद त्या संध्याकाळी सावंतवाडीच्या तिसऱ्या खेम सावंतांच्या वेळचा झाला आणि आजीने चहा ठेवला.

खरी गोची दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. उजेड असताना मी कागद खिडकीशी धरला, तेव्हा वरच्या डाव्या कोपऱ्यात एक दाबून उठवलेला शिक्का दिसला. शाईचा नसल्याने रात्री दिव्याखाली दिसलाच नव्हता. पोर्तुगालची ढाल, तिच्यावर मुकुट. म्हणजे हा पोर्तुगीज सरकारचा शिक्क्याचा कागद. भाद्रपद शके १६९३ मध्ये पेडण्यात सावंतवाडीचा अंमल होता, तिथला निवाडा पोर्तुगीज सरकारच्या शिक्क्याच्या कागदावर कोण लिहील? मग बाकीच्या गोष्टी आपोआप डोळ्यांत भरू लागल्या. अक्षराच्या रेघा बोरूच्या जाडबारीक नव्हत्या, टाकाच्या एकसारख्या बारीक होत्या. शाई काजळाची काळी नव्हती, तपकिरी पडलेली होती. शेवटच्या ओळीखाली, लहान अक्षरांत, ‘असल बरहुकूम’, म्हणजे मुळाप्रमाणे. आणि पाठीमागे पोर्तुगीजमध्ये दोनच शब्द, ‘एश्ता कोंफोर्म’, खाली न लागणारी सही. मुळाशी जुळते, असा त्याचा अर्थ. मराठी आणि पोर्तुगीज, दोन्ही भाषांत तो कागद स्वतःच सांगत होता की मी नक्कल आहे.

केव्हाची? १७८८ नंतरची, हे नक्की. मुकुट आहे म्हणजे ऑक्टोबर १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही गेली त्याच्या आधीच्या छापाची. टाकाच्या रेघेवरून मी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे झुकते. सरकारने १८८६ मध्ये देवळांच्या महाजनांसाठी, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत हक्कदारांसाठी, नियम केले. महाजन कोण, हक्क कोणाचे, हे सरकारदरबारी लिहून द्यायची वेळ तेव्हा देवस्थानांवर आली. त्या सुमाराला कोणीतरी घरचा जुना निवाडा काढून त्याची दाखल्याची नक्कल करून घेतली असावी, असा माझा अंदाज आहे. शोधनिबंधात मी तो अंदाज म्हणूनच लिहिला आहे.

‘नक्कल’ हा शब्द मी ओसरीवर उच्चारला आणि मामाचा चेहरा उतरला. “म्हणजे खोटा?”

इथे माझी चूक झाली. दप्तरात बसून बसून मला हा शब्द इतका साधा वाटू लागला होता की घरात तो कसा ऐकू जाईल याचा विचारच केला नाही. आमच्यासाठी नक्कल म्हणजे प्रत. बाजारात नकली म्हणजे फसवणूक. मामाने दुसरा अर्थ ऐकला, आणि शेजारच्या घरातून आलेल्या दोघांनीही तोच ऐकला. संध्याकाळपर्यंत वाड्यावर पसरलं की भाचीनेच कागद खोटा ठरवला. मी परत परत सांगत राहिले की उलट आहे, सरकारी माणसाने मूळ कागद समोर ठेवून ही प्रत पडताळली, तेव्हा मूळ नक्की होतं याचा हा पुरावा आहे, बनावट कागद मुळाशी जुळत असल्याचं लिहून घेत नाही. मामा मान हलवत होता, पण ऐकत नव्हता. आजी एवढंच म्हणाली की हा कागद तिच्या सासऱ्यांनी वाळवीतून वाचवला होता. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. एवढ्या जपलेल्या वस्तूबद्दल बोलताना शब्द दोनदा तोलून घ्यायला हवा होता.

आता मजकूर. गावातल्या दोन पक्षांत देवापुढच्या मानावरून तंटा झाला, गोतापुढे, म्हणजे गावच्या न्यायसभेपुढे, मांडला गेला, आणि पहिला नारळ कोणी ठेवावा हे ठरलं. ज्याच्या बाजूने ठरलं त्याचं नाव जिथे आहे तिथे कागदाला भोक आहे. अंगठा मावेल एवढं. त्यापुढे दोन अक्षरं शिल्लक : ‘कर’.

मामा म्हणाला, “बघ, कर आहे. आपलंच आडनाव.”

मामाकडचं आडनाव ‘कर’ने संपतं. वरच्या वाड्यावरच्यांचंही संपतं. पेडण्यात काय, अख्ख्या गोव्यात पुष्कळ हिंदू आडनावांचा शेवट तोच. आणि आणखी एक शक्यता होती, जी मला रात्रभर छळत राहिली : तो शब्द ‘गावकर’ही असू शकतो. तसं असेल तर तिथे आडनाव नाहीच, हुद्दा आहे, आणि गावात गावकर अनेक. मी भोकाच्या कडा भिंगाने पाहिल्या, मागून टॉर्च धरली, आडव्या उजेडात फोटो काढून मोठे केले. ‘क’च्या आधी शिरोरेघेला टेकलेली एक उभी रेघ उरली आहे, बस. अशी रेघ बऱ्याच अक्षरांना असते. इतर ओळींतली अक्षरं मोजून भोकात किती मावतील ते काढलं : पाच ते सहा. मामाचं आडनाव त्यात बसतं. वरच्या वाड्याचंही बसतं. ‘गावकर’च्या आधी एखादं लहान नाव असेल तर तेही बसतं.

मामाची मागणी साधी होती. देवनागरीत उतरवताना ते नाव पूर्ण लिही. “तू शिकलेली. तू लिहिलंस की कोण विचारणार? आणि खरं तर तेच आहे, पिढ्यान् पिढ्या नारळ आपणच ठेवतोय.”

दुसरं वाक्य खरं होतं. माझ्या आठवणीत शिगम्याला पहिला नारळ आजोबांनी ठेवलेला आहे, नंतर मामाने. म्हणून मला नाही म्हणणं जड गेलं. मामा लबाडी करायला सांगत नव्हता, त्याच्या मते तो रिकामी जागा सत्याने भरत होता. लहानपणी मला खांद्यावर घेऊन शिगम्याची मिरवणूक, रोमटामेळ, दाखवणारा हा माणूस. पण पिढ्यान् पिढ्या आपणच ठेवतो ही गोष्ट मामाच्या तोंडून आलेली आहे, कागदाच्या तोंडून नाही. ती समितीपुढे मामाने स्वतः सांगावी, दहा म्हाताऱ्यांनी साक्ष द्यावी, आणि तिला साक्षीचं वजन मिळावं. मी ती भोकात लिहिली असती तर उद्या कोणीतरी माझी प्रत वाचून म्हटलं असतं की १७७१ च्या निवाड्यात हे आडनाव आहे. परवा ते एखाद्या स्मरणिकेत छापलं गेलं असतं. ‘मया’ सोडल्यामुळे एक घर तीस वर्षं चुकीच्या शतकात राहिलं, ते मी कालच पाहिलं होतं. आणि वरच्या वाड्यावरही कोणाची तरी आजी आहे.

सोमवारी विद्यापीठात जाऊन माझ्या मार्गदर्शक मॅडमना सगळं दाखवलं. त्यांनी नाव भरायचं की नाही यावर एक शब्दही काढला नाही, ते त्यांनी गृहीतच धरलं. त्यांनी विचारलं, “घरच्यांना वाचता येईल अशी प्रत केलीस का? चौकोनी कंस तुला-मला कळतात, त्यांना नाही.” मग मी दोन प्रती केल्या. एक दप्तरी शिस्तीची, ओळीला ओळ, जिथे अक्षर नाही तिथे टिंबं. दुसरी मामासाठी, मोठ्या अक्षरात, शब्द तोडून, खाली अर्थ. त्यात भोकाच्या जागी लिहिलं : ‘इथे कागद फाटला आहे. पाच-सहा अक्षरं गेली आहेत. शेवटी कर एवढं उरलं आहे. ते आडनाव किंवा गावकर हा शब्द असू शकतो.’ आणि अगदी वरती : ‘ही मूळ निवाड्याची सरकारी माणसाने पडताळलेली प्रत आहे.’ नक्कल हा शब्द मामाच्या प्रतीत वापरला नाही. अर्थ कमी न करता शब्द बदलता येत असेल तर बदलावा, असं माझं मत झालं आहे.

मुळाचा शोधही घेतला. पडताळून प्रत दिली म्हणजे कुठेतरी नोंद असणार, आणि नोंदीत नाव पूर्ण असणार. ऑगस्टमधले माझे सगळे मोकळे दिवस त्यात गेले. सूच्या, वह्या, पुन्हा सूच्या. सापडलं नाही. सावंतवाडीच्या बाजूला पाहायचं आहे, ते परीक्षेनंतर.

लॅमिनेशनवर मात्र मी अडून बसले आणि ते जिंकले. कागद प्लास्टिकमध्ये तापवून बंद केला की तो परत बाहेर काढता येत नाही, आतली आम्लता आतच त्याला खात राहते, आणि कोपऱ्यातल्या शिक्क्याच्या खाचा सपाट होऊन जातात. मी आम्लविरहित कागदाचं पाकीट आणलं, घड्या उघडून कागद सपाट ठेवला, डांबरगोळ्या काढून टाकल्या. चिकटपट्टीला हात लावला नाही, ते संवर्धन शिकलेल्या माणसाचं काम आहे. दोन्ही बाजूंचे फोटो मामाच्या, मावशीच्या आणि माझ्या फोनमध्ये ठेवले.

बैठकीला मी नव्हते, मावसभावाने सांगितलं. मामा मूळ कागद घेऊन गेला नाही, माझी मोठ्या अक्षरातली प्रत घेऊन गेला. उभा राहून पूर्ण वाचली. भोकाच्या जागी आल्यावर थांबला, आणि जे लिहिलं होतं तेच वाचलं, ‘इथे कागद फाटला आहे’. गावकर असू शकतो, हेही वाचलं. वरच्या वाड्यावरच्या एका वयस्क माणसाने प्रत हातात मागून घेतली, चष्मा लावून पुन्हा वाचली, आणि परत दिली. समितीने यंदापुरता नारळ पूर्वीसारखाच ठेवायचं ठरवलं आणि यादीत त्या ओळीपुढे जागा मोकळी सोडली.

चवथीला आजोळी गेले. मामा माझ्याशी मोजकंच बोलला. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना सुपारीचा घड धरायला मात्र मलाच हाक मारली. पंचमीला निघताना आजीने डबा खाली काढायला लावला, कागद ठीक आहे ना ते बघ म्हणाली. पाकिटावर मामाने स्वतःच्या अक्षरात लेबल चिकटवलं होतं. जुना आकडा खोडून शके १६९३ लिहिलं होतं, खाली ‘खर संवत्सर’, आणि खाली ‘तिसरे खेम सावंत’. प्रत असल्याचा उल्लेख नव्हता. मी लेबलाला हात लावला नाही. पाकिटाच्या आतल्या बाजूला, पेन्सिलीने, ‘पडताळलेली प्रत, मूळ मिळालेलं नाही’ एवढं लिहिलं, तारीख घातली आणि डबा परत माळ्यावर ठेवला.